आखाजीची रिकामी गाडी

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला वडील मला माहेरी न्यायला आले होते, आणि मी, सतरा वर्षांची अतिशहाणी, सगळ्यांच्या देखत त्यांना म्हणाले, "नाना, नेलंत तरी आनंद आहे, नाही नेलंत तरी आनंदच आहे." मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला. पाहुण्यांच्या डाळीत मीठ म्हणून पापडखार घातला. म्हशीला रेडकू झालं म्हणून आनंदाने पळत सांगत सुटले आणि गोठ्याचं दार उघडं टाकलं. पण ते सगळे घाईत झालेले मूर्खपणे. हे वाक्य मी विचार करून, जुळवून, मान ताठ ठेवून बोलले होते.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात तो सासुरवाशिणींचा सण. उन्हाळा पेटलेला, शेत उघडं पडलेलं, कडुनिंबाच्या फांदीला झोका, घरात गौराई बसवलेली, आमरसाचा आणि खापरावरच्या पुरणाच्या मांड्यांचा वास. लग्न झालेली पोर त्या दिवसांत माहेरी असायचीच. नसली तर गल्लीतल्या बाया विचारीत, काय झालं, सासरी भांडण झालं का, पोर आजारी आहे का. पहिली आखाजी तर कुणी चुकवतच नाही. मी चुकवली. कुणी अडवलं म्हणून नाही, तर तत्त्वज्ञानापायी.

हे तत्त्वज्ञान आमच्या घरात कसं शिरलं ते सांगते. वडील म्हसावदला मराठी शाळेत मास्तर होते. माझ्या पाठचा भाऊ देवीच्या साथीत गेला, तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. त्यानंतर नाना कितीतरी दिवस भिंतीकडे बघत बसून असायचे. शाळेत जायचे, पोरांना पाढे म्हणायला लावायचे, घरी यायचे, पुन्हा भिंत. मग कुणा साहेबाच्या सामानातून उरलेलं एक पुस्तक त्यांच्या हाती पडलं. पुठ्ठा गेलेला, पहिली पानं वाळवीने खाल्लेली, त्यामुळे ते कुणी लिहिलं ते आम्हाला कधीच कळलं नाही. ग्रीस देशातल्या फार जुन्या लोकांविषयी होतं. ते लोक एका ओसरीत जमून शिकवायचे, म्हणून नाना त्यांना 'ओसरीवाले' म्हणत, जणू वरच्या गल्लीतलंच एखादं कुटुंब. त्यांच्यात म्हणे एक लंगडा गुलाम होता आणि एक बादशहाही होता, आणि दोघांचं म्हणणं एकच: काही गोष्टी आपल्या हातात असतात, बाकीच्या नसतात, हातातल्या आहेत त्या नीट कराव्यात आणि नाहीत त्यांच्यासाठी जीव जाळू नये.

मुलगा गेलेल्या बापाला हे कुठे जाऊन लागलं असेल ते कळायचं माझं वय नव्हतं. मला एवढंच दिसलं की नाना भिंतीपासून उठले.

उठले ते असे उठले की आमची माय वैतागून गेली. ओसरीवाल्यांचा एक नेम होता: सकाळी उठल्यावर आज काय काय वाईट घडू शकेल ते मनात आणायचं, म्हणजे घडलं तर धक्का बसत नाही. नाना ते मनात न आणता मोठ्याने म्हणत. आज शेळी मरू शकते. आज नोकरी जाऊ शकते. आज घराला आग लागू शकते. माय चुलीपाशी फुंकणी हातात धरून ऐकत बसे आणि मग म्हणे, सकाय सकाय कसाले अभद्र बोलतस? आणि गुपचूप उठून शेळी बघून येई. एकदा शेळी खरंच मेली. नाना म्हणाले, मी आधीच म्हटलं होतं. माय त्यांच्याशी बरेच दिवस बोलली नाही, आणि ते मात्र नानांनी सकाळच्या यादीत धरलेलं नव्हतं.

मी त्यांची एकुलती एक शिष्या. संध्याकाळी ओट्यावर बसून ते मला सांगत आणि मी मान हलवी. नाना माझ्याशी शाळेतल्या भाषेत बोलत, घरातल्या अहिराणीत नाही. त्यामुळे मला वाटे, आपण काहीतरी मोठं शिकतोय. काटा रुतला तर मी रडत नसे. मैत्रिणींनी खेळायला घेतलं नाही तर 'त्यांचं मन माझ्या हाती नाही' असं म्हणून एकटीच घरी येई. आता वाटतं, दोन चापट्या मारून खेळात शिरले असते तर बरं झालं असतं.

मग लग्न झालं. सासर तापीच्या काठाला, सारंगखेड्याच्या शेजारच्या गावात. घर शेतकऱ्याचं, सासरे वारलेले, घरात सासूबाई, घरधनी आणि मी. सासूबाई तोंडाने फटकळ होत्या, पण त्यांच्या रागाला एक रीत होती: त्या बोलत, समोरच्याने थोडं रडावं किंवा उलट बोलावं, मग त्या गार होत. मी यातलं काहीच करीत नसे. त्या बोलायला लागल्या की मी चेहरा देवळातल्या मूर्तीसारखा करून मनात म्हणे, सासूचं बोलणं माझ्या हातात नाही. बिचाऱ्या बोलून बोलून दमायच्या. एकदा दूध उतू गेलं तेव्हा मी शांतपणे म्हणाले, आत्याबाई, उतू जाणं हा दुधाचा स्वभावच आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की दुधाऐवजी मलाच चुलीवर ठेवतील.

सर्वांत वाईट बांगड्यांचं झालं. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेतून घरधन्यांनी माझ्यासाठी हिरव्या काचेच्या बांगड्या आणल्या. आईच्या नजरेआड, सदऱ्याच्या खिशातून, कागदात गुंडाळून. लाजरा माणूस, आख्ख्या जन्मात असं त्यांनी थोड्याच वेळा केलं. मी बांगड्या हातात घेतल्या आणि ओसरीवाल्यांचा धडा आठवून म्हणाले, काच आहे, आज ना उद्या फुटायचीच, जीव लावून काय उपयोग. नव्या नवरीने नवऱ्याने आणलेल्या बांगड्या फुटण्याची भाषा करायची म्हणजे काय, हे या भागातल्या वाचकाला सांगायला नको. बांगडी फुटली तरी आम्ही 'वाढवली' म्हणतो. सासूबाईंनी नेमकं ऐकलं. त्यांनी मुठीत मीठ-मोहरी घेऊन माझ्यावरून उतरवली, चुलीत टाकली आणि घरधन्यांना बाहेर नेऊन काहीतरी विचारलं. ही पोर दगडाची आहे, असं त्यांचं त्या दिवशी ठरलं असावं. आणि मी हे सगळं पाहून आतून खूश होते. नानांना कळलं तर किती बरं वाटेल, हा विचार.

अशात आखाजी आली.

लेकीला न्यायला माहेरचा मुराळी येतो. बहुतेकींचा भाऊ येई. मला भाऊ नव्हता म्हणून नानाच आले, शेजाऱ्याची गाडी मागून, गोमाई नदीच्या कोरड्या वाळूत चाकं रुतवत, शहाद्यावरून. दुपार कलल्यावर पोचले, बरोबर पाटीभर आंबे. मुक्काम केला आणि सकाळी नेण्याचं बोलणं निघालं.

आता हे बोलणं कसं असतं ते सांगायला हवं. ते एक ठरलेलं नाटक आहे आणि गावातल्या प्रत्येकीला ते पाठ असतं. मुराळी म्हणतो, पोरीला पाठवा. सासू म्हणते, छे, कामं पडलीत. मुराळी गयावया करतो. आत माजघरात सून हुंदके देते, ओट्यावर ऐकू जातील एवढ्याच आवाजात. शेजारची बाई मध्ये पडते, सासू जरा वेळ अडून बसते, मग म्हणते, ने बाबा, पण परत लवकर आणून सोड. सासूचा मान राहतो, माहेरची ओढ दिसते, सगळ्यांची कामं होतात. सुनेचं रडणं हा त्यातला मुख्य भाग. ते नसलं तर पुढचं काही हलत नाही.

सासूबाईंनी आपला भाग चोख सुरू केला. "आते कशी धाडू मास्तर? कुरडया करान्या शेतस, पऱ्हाट्या उपटान्या शेतस." पऱ्हाट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहिलेली वाळकी झाडं. त्या उपटायला माणसं सांगितलेली होती, हे मलाही माहीत होतं.

आता नानांनी म्हणायचं, एकच लेक आहे हो, तिची माय वाटेकडे डोळे लावून बसलीय. नाना म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. धाडणं न धाडणं तुमच्या हातात."

सासूबाई गोंधळल्या. नाटकात असं वाक्य नव्हतं. आत दाराआड शेजारची काकू माझ्या दंडाला चिमटे काढीत कुजबुजत होती, रड ना वं, रड. मला रडू येत नव्हतं असं नाही. रात्री जेवताना नाना सहज बोलल्यासारखं म्हणाले होते की तुझ्या आईने कडुनिंबाला झोका बांधून घेतलाय, सुताराकडून त्यावर बसायची नवी पाटली रंधून आणलीय. तेव्हापासून ती कोऱ्या लाकडाची पाटली माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. पण बाहेर माझे गुरू बसले होते. त्यांच्यासमोर रडायचं म्हणजे सगळी विद्या पाण्यात.

सासूबाईंनी माझ्यासाठी दारच उघडून दिलं. त्यांनी मला बाहेर बोलावलं आणि सरळ विचारलं, तुला काय वाटतं, जायचं आहे का? कोणती सासू सुनेला असं चारचौघांत विचारते? त्यांनी विचारलं. आणि मी पदर सारखा करून ते वाक्य बोलले. नेलंत तरी आनंद, नाही नेलंत तरी आनंदच.

नानांचा हात मिशीकडे गेला आणि तिथेच राहिला. मग ते हळूच म्हणाले, "शाब्बास."

त्या 'शाब्बास'चा मला किती अभिमान वाटला होता. आता आठवतं तेव्हा त्यांचा चेहराच दिसतो. पोरीने पाठ बरोबर म्हटला, पण तो आजच का म्हटला, असं विचारणारा तो चेहरा होता. मला वाटतं, ते मी रडण्याची वाट बघत होते. मी ते गयावया करण्याची बघत होते. दोघंही एकमेकांना शांत राहून दाखवीत होतो.

सासूबाई उठल्या. "मंग ऱ्हाऊ द्या मास्तर. तिलेच काही वाटत नही, मंग बैलसले कसाले तरास?"

नानांनी बैल जुंपले. आंब्यांची पाटी ओट्यावर ठेवून दिली. गाडी निघाली तेव्हा मी दारात उभी राहिले नाही आणि त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पक्के शिष्य आम्ही, दोघंही.

मी पऱ्हाट्या उपटायला निघून गेले. सांगितलेली माणसं आलेलीच होती. माझी तिथे गरज नव्हती. एकामागून एक झाड ओढत राहिले, मुळाशी माती धरलेली, हाताला फोड आले. ऊन डोक्यावर आल्यावर कधीतरी मी उपटलेल्या ढिगावरच बसले आणि असा हेल काढून रडले की बांधावरची गुरं चरायची थांबली असतील. नुसता आवाज नव्हता तो. त्यात मैत्रिणींचे खेळ होते, बांगड्या होत्या, मेलेली शेळीसुद्धा होती. भाऊ गेला तेव्हाचं राहिलेलंही असेल.

सासूबाई भाकरी घेऊन आल्या होत्या. मला बघून उभ्या राहिल्या. "आते रडस? मी इचारं तव्हय डोयासले कुलूप लायेल व्हतं का?" मग त्यांनी डोळ्यांवर हात धरून रस्त्याकडे पाहिलं. गाडी केव्हाची लांब गेली होती. आमचे बैल दुसऱ्या गावी गेलेले, धाडायला माणूस नाही, आणि दुसऱ्या दिवशी सण. त्यांनी माझ्याशेजारी पऱ्हाट्यांवर बसकण मारली आणि बराच वेळ कुणाला तरी शिव्या दिल्या. मला नसाव्यात. आखाजीला त्यांनी माझ्या माहेरच्या आंब्यांचा रस स्वतः पिळला आणि माझ्या वाटीत ओतत राहिल्या. त्या दिवसापासून मी त्यांना दगड वाटले नसावे, आणि मीही त्यांच्या बोलण्यावर थोडंथोडं रडायला शिकले. घर पुष्कळ सोपं झालं.

आता मी म्हातारी झाले. नाती विचारतात, आजी, तू इतकी शांत कशी गं? घरात कुणी गेलं, पीक बुडालं, कुणी भांडून वेगळं निघालं, तरी तू आपली माळवदावर वाळवण राखत बसलेली. त्यांना वाटतं आजीला काहीतरी साधलंय. मी म्हणते, शांत नाही बाई, दमलेय. त्या हसतात. त्यांना वाटतं आजी थट्टा करते. पण दमलेला माणूस आणि शांत माणूस लांबून सारखेच दिसतात, हे मला पुरतं ठाऊक आहे. दु:ख करायलाही अंगात ताकद लागते. ज्यांच्यासाठी करायचं त्यांतले बहुतेक निघून गेले. हिरव्या बांगड्या देणारे गेले, सासूबाई गेल्या, नाना तर कधीचेच. सकाळी उठल्यावर आज काय वाईट घडू शकेल असं मनात आणायला जाते आणि मधेच डोळा लागतो.

ओसरीवाल्यांवर माझा राग नाही. त्यांनी नानांना भिंतीपासून उठवलं, ते उपकार आहेतच. पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ज्वारी निवडताना की काय, अशाच कुठल्या तरी वेळी. धाडणं सासूबाईंच्या हातात होतं, नेणं नानांच्या हातात. मागणं मात्र माझ्या हातात होतं. 'मला जायचंय' हे एका घासाएवढं वाक्य, ते सर्वस्वी माझं होतं, आणि नेमकं तेच मी हातातलं नाही म्हणून टाकून दिलं. हे त्या पुस्तकात असणारच. बहुधा वाळवीने खाल्लेल्या पानांवर असेल. मला पुस्तकाची बाजू घ्यायला आवडते.

त्या वर्षी माहेरी जाणं झालं ते एकदम दिवाळीला. मधे पेरणी, निंदणी, पाऊस, नदीला पूर. कुणी मुद्दाम अडवलं नाही, दिवसच तसे गेले. या खेपेला नाना गाडीतून उतरायच्या आतच मी मोठ्याने रडायला सुरुवात केली होती. सासूबाई काम सांगायचं विसरून हसायला लागल्या आणि म्हणाल्या, न्या बाबा हिला. वाटेत नाना नेहमीसारखे बोलत होते, शाळेतल्या पोरांविषयी, कापसाविषयी. आखाजीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. ओसरीवाल्यांविषयीसुद्धा काही बोलले नाहीत. ते पुस्तक घरी गेल्यावर मला कोनाड्यात दिसलं, वर धूळ होती.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात केस वाळवत बसले होते. नाना शाळेत गेलेले. झोक्याची ती नवी पाटली माय चुलीपुढे बसायला वापरत होती, हे मी आल्याआल्याच पाहिलं होतं. आता वर पाहिलं तर कडुनिंबाच्या आडव्या फांदीला काळे पडलेले, पिंजलेले दोराचे दोन तुकडे लोंबत होते. खाली एक तुकडा गळून चिखलात रुतलेला. आमची माय असली वस्तू झाडाला राहू देणारी बाई नाही. दोर म्हणजे विहिरीला, गुराला, खाटेला लागणारी चीज. मी तिला विचारलं, हा झोका सोडून का नाही ठेवला, चांगला दोर वाया गेला. ती माझ्या डोक्याला तेल लावायला मागे बसली होती. बोटं थांबवली नाहीत तिने. म्हणाली:

"तुन्हा बाप एकलाच उना. आखाजी सरी गयी, मी झोका सोडाले गऊ, त्यानी सोडू दिधा नही. पानी पडनं, दोर कुजी गया, तरी नही. म्हने, ऱ्हाऊ दे. बाकी समदं जमनं, हाई मन्हा हातमा नही."